रंध्यावरच्या नावापासून माणसापर्यंत: एकोणिसाव्या शतकातला इंग्लिश सुतार कागदपत्रांतून कसा शोधावा

जुन्या इंग्लिश लाकडी रंध्याचं पुढचं टोक उजेडाकडे तिरकं धरलं की ठशानं उमटवलेली नावं दिसू लागतात. बहुतेक वेळा एक नाही, दोन-तीन. वरच्या बाजूला एकसारख्या उंचीच्या ठसठशीत अक्षरांत एक. खाली किंवा मागच्या टोकावर लहान, जरा कललेलं दुसरं. कधी जुन्या नावावरच नवा ठसा मारून ते बुजवायचा प्रयत्न केलेला. साध्या कारागिराचं कोण काय लिहून ठेवणार, असं आपल्याला वाटतं. पण एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडनं अशा माणसाला चर्चच्या वहीत, जनगणनेत, व्यापारी यादीत, विम्याच्या पुस्तकात, दिवाळखोरीच्या जाहिरातीत आणि मृत्यूच्या दाखल्यात अशा कितीतरी ठिकाणी टिपलं आहे. त्यातला बराच भाग आज घरबसल्या पाहता येतो.

हा लेख इंग्लंड आणि वेल्सपुरता आहे. स्कॉटलंडमध्ये जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंदणी १८५५ मध्ये सुरू झाली आणि तिथल्या मृत्यूच्या नोंदीत आईवडिलांची नावंही असतात, त्यामुळे तिथली वाट वेगळी. आयर्लंडच्या एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनेची बहुतेक पानं नष्ट झाली आहेत. नवख्या माणसानं सुरुवात तिथून करू नये.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा: नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नाही. जॉन, विल्यम, थॉमस, जॉर्ज या नावांचे सुतार त्या काळात ढिगानं होते. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत असं म्हणायचं असेल तर नावाखेरीज आणखी काहीतरी जुळायला हवं. बायकोचं नाव, गल्ली, जन्मगाव, बापाचा धंदा, सही, काहीही चालेल. पुढची सगळी खटपट हे ‘आणखी काहीतरी’ मिळवण्यासाठी आहे.

हातात काय आहे ते आधी नीट बघा

रंध्यावरून सुरुवात करत असाल तर नाव कोणाचं हे ठरवा. पुढच्या टोकाच्या वरच्या भागातला मोठा, नेटका ठसा सहसा रंधा बनवणाऱ्याचा असतो, क्वचित तो विकणाऱ्या दुकानदाराचा. लहान ठसे वापरणाऱ्यांचे. कारखान्यात दहा जणांची हत्यारं एकाच बाकाशेजारी पडायची, म्हणून प्रत्येकजण आपल्या हत्यारावर नाव मारायचा, आणि हत्यार दुसऱ्याला विकलं गेलं की दुसऱ्याचा ठसा पडायचा. पात्यावरचं नाव मात्र वेगळं धरा. ते बहुधा शेफील्डच्या एखाद्या कंपनीचं निघतं आणि पातं झिजलं की बदललं जायचं, त्यामुळे पात्यावरून रंध्याचं वय ठरवू नका.

हत्यार नसून कुटुंबातली आठवण, एखादं पत्र किंवा फर्निचरवरची चिठ्ठी असेल तरी हेच: जे दिसतं ते जसंच्या तसं उतरवून घ्या, स्पेलिंगसकट. सुधारणा नंतर.

मग एक तक्ता आखा. वर्ष, ठिकाण, धंदा कसा लिहिलाय, वय, सोबत कोण, आणि ही माहिती कुठल्या कागदातून आली. शेवटचा रकाना लोक आळसानं सोडतात आणि पुढे त्याचाच त्रास होतो. जिथे शोधलं आणि काही सापडलं नाही, तेही लिहा. अमुक वर्षाच्या यादीत तो नाही, हीसुद्धा माहितीच आहे.

धंद्याचं नाव काय सांगतं

कार्पेंटर छप्पर, तुळया, जमिनीच्या फळ्या असं इमारतीचं जड काम करायचा. जॉइनर दारं, खिडक्या, जिने असं सांधेजोडीचं काम करायचा, बरंचसं वर्कशॉपमध्ये. कॅबिनेट मेकर फर्निचरवाला. व्हीलराइट चाकं आणि गाड्या बनवी, कूपर पिंपं, टर्नर चरकावरचं काम, सॉयर ओंडके कापून फळ्या पाडी, पॅटर्न मेकर ओतशाळेसाठी लाकडी साचे करी. हे माहीत असणं गरजेचं आहे, कारण धंद्यावरून ठिकाण सुचतं. खुर्च्या बनवणारा असेल तर हाय विकम आणि आसपासची गावं बघा, फर्निचरवाला असेल तर लंडनमधलं शोरडिच, बेथनल ग्रीन आणि कर्टन रोड.

पण धंद्याचं नाव बदललं म्हणून माणूस वेगळा, असा निष्कर्ष काढू नका. एकच माणूस दहा वर्षांपूर्वी कार्पेंटर, आता जॉइनर आणि पुढे बिल्डर असू शकतो. वाफेवरच्या करवती आल्यावर खड्ड्यावर उभं राहून ओंडके कापणाऱ्या सॉयरचं काम आटत गेलं, त्यामुळे त्यांच्यापैकी काहीजण पुढे मजूर म्हणून नोंदलेले दिसतात. खेड्यातला सुतार तर शवपेट्याही करायचा आणि अंत्यविधीची व्यवस्थाही बघायचा. व्यापारी याद्यांत ‘कार्पेंटर अँड अंडरटेकर’ असं जोडनाव येतं. १८३४ पूर्वीच्या पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या भागाच्या) गरीबनिधीच्या हिशेबवह्या उरल्या असतील तर निर्धनांच्या शवपेटीसाठी सुतारास दिलेले शिलिंग त्यात हमखास शोधा.

जनगणना: सगळ्याचा कणा

जनगणना दर दहा वर्षांनी व्हायची. आपल्या कामाच्या तारखा अशा: ६ जून १८४१, ३० मार्च १८५१, ७ एप्रिल १८६१, २ एप्रिल १८७१, ३ एप्रिल १८८१, ५ एप्रिल १८९१, ३१ मार्च १९०१ आणि २ एप्रिल १९११. फॅमिलीसर्च आणि फ्रीसेन या संकेतस्थळांवर फुकट शोधता येतं. मूळ पानांची चित्रं बहुतेक अ‍ॅन्सेस्ट्री किंवा फाइंडमायपास्टवर पैसे भरून. आधी फुकटची ठिकाणं संपवा.

१८४१ ची पानं सावधपणे वाचा. पंधरा वर्षांवरच्या लोकांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचं असा नियम होता, म्हणजे चाळीस लिहिलं असेल तर माणूस चाळीस ते चव्वेचाळीस यांमधला. घरातल्या माणसांचं आपसातलं नातं त्यात नाही, आणि जन्मगावाऐवजी फक्त त्याच काउंटीत (जिल्ह्यात) जन्मला की नाही एवढंच आहे. १८५१ पासून नातं, वैवाहिक स्थिती आणि जन्माचं पॅरिश येतं, तेव्हा नवख्यानं १८५१ किंवा त्यानंतरच्या वर्षापासून सुरू करून मागे जावं.

१८५१ ते १८८१ मधल्या पानांवर धंद्याच्या रकान्यात सोनं असतं. मालक असेल तर त्यानं किती माणसं आणि किती पोरं कामाला ठेवली आहेत ते लिहायची सूचना होती, त्यामुळे ‘मास्टर, चार माणसं आणि एक पोऱ्या’ अशा अर्थाच्या नोंदी सापडतात. सगळ्यांनी ती पाळली नाही, म्हणून आकडा नसला तरी तो मालक नव्हता असं म्हणता येत नाही. १८९१ मध्ये मालक, नोकर आणि दोन्ही नाही असे वेगळे रकाने आले. काही ठिकाणी धंद्यावर जाड रेघ मारलेली दिसेल. ती खोडाखोड नाही, लंडनमध्ये मोजणी करताना कारकुनांनी केलेली खूण आहे.

आता एक पान जवळून बघू. समजा १८६१ मध्ये तुमचा जॉइनर लंडनमधल्या लँबेथमध्ये सापडला. घरात बारा वर्षांची मुलगी, जन्म एक्सेटर. नऊ वर्षांचा मुलगा, जन्म ब्रिस्टल. चार वर्षांची धाकटी, जन्म लँबेथ. आणि सतरा वर्षांचा एक परका मुलगा, अप्रेंटिस, म्हणजे काम शिकणारा उमेदवार. बापाचा प्रवास पोरांच्या जन्मगावांत लिहिलेला आहे. थोरली साधारण १८४८-४९ ची, मधला १८५१-५२ चा, म्हणजे एक्सेटर सोडून ब्रिस्टलला जाणं या दोहोंच्या मधे कधीतरी झालं. १८५१ ची जनगणना नेमकी त्याच काळात पडते, तेव्हा ती दोन्ही शहरांत शोधायची. लंडनला तो १८५७ पर्यंत आलेला होता. अप्रेंटिस घरात राहतो याचा अर्थ आपला माणूस कोणाच्या हाताखाली न राहता स्वतः शिकवण्याइतका स्थिरावला होता. आणि त्या पोराचं जन्मगाव जर एक्सेटरजवळचंच निघालं, तर दोन्ही कुटुंबांची जुनी ओळख असण्याची शक्यता आहे. एका पानावर इतकं मिळतं, फक्त आपल्या माणसाची एकच ओळ वाचून पान मिटायचं नाही. शेजारच्या घरांतही बघा. सासरा, मेहुणा, भागीदार बऱ्याचदा दोन दारं सोडून असतो.

शोधात सापडला नाही तर आडनाव रिकामं सोडून बायकोचं किंवा मुलाचं नाव, जे सहसा आढळत नाही असं, घाला. मोजणीदारानं ऐकलं तसं लिहिलं, आणि सुरुवातीचा ‘ह’ बोलण्यात गळायचा, त्यामुळे हॉब्सचा ऑब्स होतो. १९०१ पर्यंतच्या जनगणनांचे कुटुंबांनी भरलेले मूळ कागद नष्ट केले गेले. आपण बघतो ती मोजणीदाराची प्रत. अपवाद १९११ चा. त्या वर्षाचे कुटुंबप्रमुखानं स्वतः भरलेले कागद उरले आहेत. १८४० च्या दशकात जन्मलेला सुतार तोपर्यंत जगला असेल, तर त्याचं अक्षर, त्याची सही आणि लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं झाली, त्यांतली किती गेली, हे सगळं एका कागदावर मिळू शकतं. एखाद्या म्हाताऱ्या जॉइनरनं रकान्याबाहेर जाऊन धंद्याबद्दल चार शब्द जास्त लिहिलेले सापडले की मला त्याच्या समोर बसल्यासारखं वाटतं.

जन्म, लग्न, चर्चच्या वह्या

सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. सुरुवातीला जन्म नोंदवले न जाण्याचं प्रमाण बरंच होतं. १८७५ पासून न नोंदवल्यास दंड आला आणि नोंदी भरल्या. या नोंदी ठेवणाऱ्या जनरल रजिस्टर ऑफिस या सरकारी कचेरीच्या ऑनलाइन सूचीत आईचं माहेरचं आडनाव १८३७ पासून दिलेलं आहे. नवऱ्याचं आणि बायकोचं माहेरचं अशी दोन आडनावं घालून शोधलं तर त्या जोडप्याची मुलं एकेक करून बाहेर येतात, दोन जनगणनांच्या मधे जन्मून गेलेलीसुद्धा. लग्नासाठी फ्रीबीएमडी हे संकेतस्थळ वापरा.

दाखले विकत घ्यायचे तर पहिला पैसा लग्नाच्या दाखल्यावर खर्च करा. त्यात नवरा-नवरी दोघांच्या बापांची नावं आणि धंदे असतात, आणि सुतारीत मुलगा बापाच्या किंवा सासऱ्याच्या हाताखाली तयार झालेला फार वेळा दिसतो. वयाच्या जागी फक्त ‘ऑफ फुल एज’ असेल तर एकवीस किंवा त्याहून जास्त एवढंच समजा. साक्षीदारांची नावंही तक्त्यात घाला. जनरल रजिस्टर ऑफिसचा दाखला ही नक्कल असते. खरी सही चर्चच्या मूळ वहीत. ती पाहायला मिळाली तर तिचं चित्र जपून ठेवा, दुसऱ्या कागदावरच्या सहीशी ताडता येतं. सहीऐवजी फुली असेल तर तीही नोंदवा.

१८३७ पूर्वीसाठी पॅरिशच्या वह्या. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या नोंदीला छापील फॉर्म आला आणि त्यात बापाचा धंदा व राहण्याची जागा लिहिणं सुरू झालं. त्याआधीच्या वह्यांत धंदा असेलच असं नाही. कुटुंब चर्च ऑफ इंग्लंडबाहेरचं, म्हणजे मेथडिस्ट, बॅप्टिस्ट किंवा क्वेकर असेल तर त्यांच्या वेगळ्या वह्या बघाव्या लागतात.

काम शिकला कुठे

इथे अपेक्षा बेताची ठेवा. अप्रेंटिसशिपच्या करारांवर १७१० मध्ये कर बसला आणि त्याच्या वह्या १८११ पर्यंतच्या आहेत. त्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. सात वर्षं उमेदवारी केल्याशिवाय धंदा करता येणार नाही, हा १५६३ चा कायद्यातला नियम १८१४ मध्ये रद्द झाला. त्यानंतर करार दोन पक्षांच्या घरीच राहिले आणि बहुतेक गेले. बापाकडे शिकलेल्याचा तर करारच नसायचा. दोन ठिकाणी मात्र आशा असते: पॅरिशनं अनाथ किंवा गरीब मुलाला एखाद्या सुताराकडे बांधून दिलं असेल तर त्याचे कागद काउंटीच्या अभिलेखागारात, आणि लंडन शहरात कार्पेंटर्स किंवा जॉइनर्स अशा जुन्या कंपनीच्या, म्हणजे धंद्याच्या संघाच्या, सदस्याकडे शिकला असेल तर त्या कंपनीच्या वह्यांत.

दुकान, पत्ता, विमा

व्यापारी याद्या, म्हणजे पिगॉट, केली यांच्या डिरेक्टरी, फुकट मिळतात. लेस्टर विद्यापीठानं त्यांचा मोठा संग्रह ऑनलाइन ठेवला आहे. पण त्यांत दुकान किंवा कारखाना चालवणारेच असतात. रोजानं दुसऱ्याकडे काम करणारा जर्नीमन, म्हणजे सुतारांमधला बहुसंख्य माणूस, तिथे नाही. म्हणून नाव पहिल्यांदा कधी येतं आणि कधी गळतं ते वर्षावर्षानं बघा. नाव गळल्यावर लगेच मृत्यू शोधू नका; आधी त्याच पत्त्यावर पुढच्या वर्षी कोण आहे ते बघा. बरेचदा विधवा धंदा पुढे चालवते, किंवा नाव ‘अँड सन’ होतं. यादी छापायला वेळ लागायचा, तेव्हा १८५२ च्या यादीतला पत्ता १८५१ मधलाही असू शकतो.

लंडनमध्ये आणखी एक अडचण आहे. १८५५ मध्ये स्थापन झालेल्या मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्सच्या काळात कितीतरी रस्त्यांची नावं आणि घरांचे क्रमांक बदलले. माणूस हलला असं कागदावर दिसतं आणि तो जागेवरच असतो. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-खात्याचे जुने नकाशे फुकट आहेत. दोन वर्षांचे नकाशे शेजारी ठेवून कोपऱ्यावरचा पब आणि चर्च यांवरून घर मोजत जा. शतकाच्या शेवटच्या वर्षांसाठी चार्ल्स बूथ यांचे दारिद्र्याचे रंगीत नकाशे आहेत. आपल्या माणसाची गल्ली कोणत्या रंगात आहे ते बघितलं की शेजाराची आर्थिक स्थिती समजते.

आगविम्याच्या नोंदी फार कमी लोक बघतात, हे मला खटकतं. लाकूड, भुसा आणि सरस वितळवायची शेगडी एकाच छताखाली म्हणजे सुताराच्या कारखान्याला आगीचं भय कायमचं. सन फायर ऑफिसच्या वह्या लंडन आर्काइव्हजमध्ये आहेत. त्यात घर कशाचं बांधलेलं, घरसामान कितीचं, हत्यारं आणि माल कितीचा असा वेगवेगळा हिशेब मिळतो. हत्यारांचा आकडा मालाच्या आकड्याशी ताडून बघितला की तो ऑर्डरप्रमाणे काम करणारा की माल करून ठेवून विकणारा, याचा अंदाज बांधता येतो.

वाईट दिवसांचे कागद

चांगल्या दिवसांपेक्षा वाईट दिवसांची नोंद अधिक तपशिलानं होते. लंडन गॅझेट हे सरकारी पत्र ऑनलाइन फुकट शोधता येतं. कर्जबाजारी झालेल्याची जाहिरात त्यात यायची, आणि त्यात आत्ताचा पत्ता, त्याआधीचा, त्याच्याही आधीचा असे पत्ते क्रमानं दिलेले असतात, धंद्यासकट, कधी सोबतच्या भागीदाराच्या नावासकट. दहा वर्षं हरवलेला माणूस एका जाहिरातीत पूर्ण उलगडतो. भागीदारी मोडल्याच्या सूचनाही तिथेच. १८६१ पर्यंत दिवाळखोरीचा कायदा फक्त व्यापाऱ्यांसाठी होता, म्हणून साधा जॉइनर ‘इन्सॉल्व्हंट डेटर’ (कर्ज फेडू न शकणारा) या मथळ्याखाली शोधा. कर्जापायी तुरुंगात जाणंही १८६९ पर्यंत नेहमीचं होतं. तुरुंगाच्या वहीत नाव दिसलं म्हणून गुन्हेगार ठरवू नका.

ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी न्यायालयाचे १६७४ ते १९१३ चे वृत्तांत फुकट वाचता येतात. सुतारांची हत्यारं चोरीला गेल्याचे खटले तिथे बरेच आहेत. फिर्यादी सुतार साक्षीत आपण कुठे काम करत होतो, हत्यारं कुठे ठेवली होती, ती कशी ओळखली हे स्वतःच्या तोंडानं सांगतो. आडनावाबरोबर ‘प्लेन’, ‘सॉ’, ‘चिझल’ असे शब्द घालून शोधा.

वर्कहाऊसच्या, म्हणजे निर्धनांना ठेवायच्या सरकारी आश्रयगृहाच्या, वह्या काउंटीच्या अभिलेखागारात असतात. म्हातारपणी हात थरथरायला लागले की कुशल कारागीरही तिथे पोचायचा, त्यामुळे १८८१ किंवा १८९१ मध्ये घरी सापडत नसेल तर त्या भागातल्या वर्कहाऊसची पानं जरूर उघडा. तिथे कधी पूर्ण नावाऐवजी फक्त आद्याक्षरं असतात.

संघटना आणि वर्तमानपत्रं

१८६० मध्ये अमॅल्गमेटेड सोसायटी ऑफ कार्पेंटर्स अँड जॉइनर्स स्थापन झाली. रॉबर्ट अ‍ॅपलगार्थ हे तिचे सुरुवातीच्या काळातले गाजलेले सरचिटणीस. वर्गणी भरणाऱ्याला बेकारीत, आजारपणात आणि हत्यारं जळाली किंवा चोरीला गेली तर मदत मिळायची. तिचे अहवाल आणि कागद वॉरिक विद्यापीठाच्या मॉडर्न रेकॉर्ड्स सेंटरमध्ये आहेत. माणूस कोणत्या शाखेत होता ते आधी जनगणनेच्या पत्त्यावरून ठरवा, मग तिथे विचारा.

वर्तमानपत्रांसाठी ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह. माणसाचं नाव टाकून काही मिळालं नाही तर गल्लीचं नाव टाका. परांचीवरून पडून झालेला अपघात, कारखान्याला लागलेली आग, मृत्यूनंतर बाक आणि हत्यारांचा लिलाव, अशा बातम्या पत्त्यावरून सापडतात. माणूस इंग्लंडमधून एकदम नाहीसा झाला तर ऑस्ट्रेलियाची जुनी वर्तमानपत्रं ट्रोव्ह या संकेतस्थळावर फुकट आहेत. सुतारांना वसाहतींत मागणी होती.

मृत्यू आणि नंतरचे कागद

मृत्यूच्या दाखल्यात धंदा, वय, कारण आणि माहिती देणाऱ्याचं नाव असतं. वय देणारा अंदाजानं सांगतो, त्यामुळे दोन-चार वर्षांच्या फरकानं घाबरू नका. विधवेचा दाखलाही बघा. तिच्या धंद्याच्या जागी अमुक कार्पेंटरची विधवा असं नवऱ्याच्या नावासह लिहिलेलं असतं. १२ जानेवारी १८५८ पासून मृत्युपत्रांचं काम चर्चच्या न्यायालयांकडून सरकारकडे आलं आणि वर्षवार छापील सूची सुरू झाली. तिच्यात पत्ता, धंदा, मृत्यूची तारीख, मालमत्तेची किंमत आणि ती कोणाकडे सोपवली ते येतं. बहुतेक जर्नीमन त्यात नसतील, पण छोटे मालक आश्चर्य वाटावं इतके सापडतात. त्याआधीच्या काळासाठी कँटरबरीच्या प्रेरोगेटिव्ह कोर्ट या चर्चच्या न्यायालयाची मृत्युपत्रं नॅशनल आर्काइव्हजच्या संकेतस्थळावर आहेत आणि बाकीची स्थानिक अभिलेखागारांत. मृत्युपत्रात ‘माझी सर्व हत्यारं’ अमक्याला, असं वाक्य आलं तर तो अमका कोण ते शोधाच. मुलगा नसून पुतण्या किंवा जुना अप्रेंटिस असेल, तर रंध्यावरचा दुसरा ठसा त्याचा असू शकतो.

हे सगळं लिहून काढताना प्रत्येक विधानापुढे ते पक्कं, संभाव्य की नुसता तर्क, हे नोंदवा. त्याच नावाचा दुसरा सुतार त्याच भागात असेल तर त्याचाही तक्ता करा आणि त्याला त्याच्या मृत्यूपर्यंत नेऊन बाजूला काढा. हे कंटाळवाणं काम आहे, पण दोघांची आयुष्यं एकमेकांत मिसळली की पुढचा प्रत्येकजण तीच चूक उतरवून घेतो. काम संपल्यावर एक प्रत त्या काउंटीच्या अभिलेखागाराला पाठवा, आणि रंधा तुमच्याकडे असेल तर ठशांचे नीट प्रकाशात काढलेले फोटो त्यासोबत द्या.